रोपं छाटायला हात धजावत नाही (टाकीतल्या झाडांची छाटणी)

काचेतलंतळं | २ जून, रात्री ९:४०

नमस्कार. इथे धागा पहिल्यांदाच काढतेय, विभाग चुकला असेल तर हलवावा.

आमच्याकडे माशांची दोन फुटी टाकी आहे, साधारण ६० लिटरची. मुलाने हौसेने लावली, दोन वर्षं एकट्याने सांभाळली आणि गेल्या जुलैत तो शिकायला नागपूरला गेला. तेव्हापासून ती माझ्याकडे आहे. माशांचं मला जमलं. आठ निऑन आणि सहा कोरी, सगळे ठणठणीत. झाडांचं मात्र जमत नाहीये.

मागच्या बाजूला रोटाला आणि हायग्रोफिला आहेत. त्यांचे शेंडे पाण्यावर येऊन आडवे पसरलेत. वरून पाहिलं तर हिरवंगार, समोरून पाहिलं तर खालची सहा इंच नुसत्या काड्या. डाव्या कोपऱ्यात व्हॅलिस्नेरिया, उजवीकडे अॅमेझॉन स्वोर्ड. त्याची बाहेरची पानं पिवळी पडलीत, काहींना भोकं आहेत. लाकडावर जावा फर्न आहे, त्याच्या पानांच्या मागे काळे ठिपके आलेत. दगडावर अनुबियास आणि पुढे क्रिप्टोचे (क्रिप्टोकोरीन) दोन झुबके.

मुलगा फोनवर म्हणतो, "आई, काप बिनधास्त." पण कुठून कापू आणि किती? परवा कात्री हातात घेतली, पाण्यात घातली आणि तशीच बाहेर काढली. गणपतीला तो येणार आहे. त्याने सोडली होती तशी टाकी त्याला दिसावी एवढीच इच्छा आहे.

दिवा एलईडीचा, ८ तास. कार्बन डायऑक्साइड देत नाही. दर रविवारी २० लिटर पाणी बदलते, पाणी पालिकेचं (ठाणे), क्लोरीनचं औषध टाकून. आणखी एक, गेले काही दिवस पहाटे उठले की निऑन वर येऊन तोंडं उघडझाप करताना दिसतात. तासाभराने आपोआप खाली जातात. याचा झाडांशी संबंध असेल का?

पाणकणीस | २ जून, रात्री ११:०५

ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण ते आधी सोडवायला हवं. हो, संबंध आहे. झाडं दिवसा उजेडात प्राणवायू सोडतात, पण श्वास चोवीस तास घेतात. दिवा बंद झाल्यापासून मासे, झाडं आणि गाळातले जिवाणू मिळून प्राणवायू वापरत राहतात आणि पहाटे तो सर्वांत कमी असतो. त्यात तुमच्या शेंड्यांनी पाण्यावर चटई घातलीय, म्हणजे पृष्ठभाग हलत नाही आणि हवेतला प्राणवायू पाण्यात उतरत नाही. आजच रात्री फिल्टरचं तोंड वर वळवा, पाण्यावर लहर उठली पाहिजे. चटई गेली की हा त्रास थांबेल असं मला वाटतं.

आता छाटणी. एकच गोष्ट मनात पक्की करा: झाड वाढतं कुठून ते बघायचं, मग कात्री लावायची. सगळी गल्लत इथेच होते.

रोटाला, हायग्रोफिला ही कांडीची झाडं. ती शेंड्यातून वाढतात. शेंडा ऑक्झिन नावाचं संप्रेरक तयार करतो आणि ते खाली उतरत असतं तोवर पेरांमधले (पानं फुटतात त्या सांध्यांमधले) डोळे, म्हणजे अंकुर, निजलेले राहतात. शेंडा उडवला की डोळे जागे होतात आणि एका कांडीला बहुतेक वेळा दोन फुटवे येतात. म्हणून कापल्याने झाड कमी होत नाही, दाट होतं. काप पेराच्या किंचित वर घ्यायचा. दोन पेरांच्या मधोमध कापलं तर बुंध्यावर पेराच्या वर उरलेला तुकडा तसाच कुजतो.

तुमच्या टाकीत नुसतं वरून कापून भागणार नाही, कारण खालच्या सहा इंचांत पानंच नाहीत. वरच्या छपराने उजेड अडवला म्हणून ती गळाली. अशा वेळी वरचा हिरवा भाग पाच-सहा इंचांचा कापून घ्यायचा, त्याच्या खालच्या एक-दोन पेरांची पानं काढायची आणि तो रेतीत दीड इंच खोल लावायचा. जुन्या काड्या रेतीलगत कापून टाका, उपटू नका. उपटल्या की वर्षभराचा गाळ वर येईल. मुळं आत राहिली तर काही बिघडत नाही.

लावताना एकेक कांडी सुटी लावा, दोघींमध्ये बोटभर जागा सोडून. दुकानातून येते तशी जुडी करून खोचली की आतल्या कांड्या उजेडाविना पुन्हा उघड्या पडतात.

स्वोर्ड आणि क्रिप्टो गड्ड्यातून वाढतात. नवं पान मधून येतं, जुनं बाहेर सरकतं. तिथे शेंडा नावाची गोष्टच नाही. बाहेरचं पिवळं पान देठासकट अगदी बुडातून काढायचं. अर्ध्यातून कापलं तर उरलेला देठ सडत राहतो.

अनुबियास आणि जावा फर्न यांना आडवं खोड असतं, आल्याच्या कांडीसारखं. ते कधीही रेतीत पुरू नका, कुजतं. पान काढायचं तर खोडाजवळून. जावा फर्नच्या पानामागचे ठिपके रांगेत, सारख्या अंतरावर असतील तर तो रोग नाही, ती त्याची बीजाणूंची पुटं आहेत. त्याच पानांच्या टोकाला लहान रोपंही फुटतात. ती पानं कापू नका.

व्हॅलिस्नेरियाची पट्टी मधेच कापली की कापलेली कड तपकिरी होऊन पान मागे मागे वितळत जातं, निदान माझ्याकडे तरी प्रत्येक वेळी झालंय. फार लांब झालेलं पान बुडातून काढा. त्याचं पसरणं धावत्या खोडांनी होतं, नको तिथे पिल्लू आलं तर खोड कापून पिल्लू काढून घ्या.

तासगावकर | ३ जून, सकाळी ६:२०

टाकीतलं मला दोन वर्षांचंच ज्ञान, पण कात्री आयुष्यभर हातात आहे. आमच्याकडे द्राक्षाची वर्षातनं दोनदा छाटणी, एप्रिलात खरड आणि ऑक्टोबरात गोडी. खरड छाटणीनंतर बाग बघितली तर नवख्या माणसाला वाटतं संपलं सगळं, नुसते ओलांडे, म्हणजे वेलीचे आडवे हात, उरलेत. पंधरवड्यात फूट निघते आणि मग आम्हीच शेंडा मारत फिरतो. पाणकणीस म्हणतात तो डोळ्याचा हिशेब तोच आहे, वेलीचा काय आणि पाण्यातल्या झाडाचा काय.

ताई, कात्रीची धार बघून घ्या. बोथट कात्रीनं कांडी कापली जात नाही, चेमटते, आणि चेमटलेली जागा सडते. शिवणकामातली दोरे कापायची बारीक टोकदार कात्री असंल तर तीही चालते, वापरून झाली की पुसून कोरडी करा.

हिरवाकोपरा | ३ जून, सकाळी १०:१५

पाणकणीस यांच्याशी एका मुद्द्यावर असहमत. जुन्या काड्या लगेच काढून टाकायची घाई कशाला? हायग्रोफिला फार चिवट आहे, बिनपानाच्या पेरातूनही फुटतं. शेंडे कापा, ते पुढच्या ओळीत लावा आणि जुने बुंधे तीन-चार इंचांचे ठेवून बघा. फुटले तर मागची रांग आयती मिळाली. कार्बन डायऑक्साइड नसलेल्या टाकीत नव्याने लावलेल्या कांडीला मुळं धरायला वेळ लागतो, तेवढ्या काळात सगळंच नवं असणं धोक्याचं.

पाणकणीस | ३ जून, दुपारी १:३०

हायग्रोफिलापुरतं मान्य. रोटालाच्या काळ्या पडलेल्या काड्यांवर माझा विश्वास नाही. ताईंनी दोन्हीचे तीन-तीन बुंधे ठेवून बघावेत, म्हणजे वादच नको.

निळीखाडी | ३ जून, दुपारी ३:५०

ताई, एका दिवसात सगळी टाकी कापू नका, हे हात जोडून सांगतेय. मी दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या साफसफाईत एकाच दुपारी सगळं तीन इंचांवर आणलं. दिसायला फार सुंदर दिसलं. पाचव्या दिवशी पाणी हिरवं व्हायला लागलं, दहाव्या दिवशी समोरचा मासा दिसेना. कारण नंतर कळलं. पाण्यातलं नायट्रेट खाणारी पानं मी काढून टाकली, पण दिवा तेवढाच ठेवला आणि माशांचं खाणंही तेवढंच. उरलेलं सगळं शेवाळाने खाल्लं. टाकी निवळायला महिना गेला आणि त्या महिन्यात मला रोज वाईट वाटायचं.

आता मी निम्मी बाजू कापते, तीन आठवड्यांनी उरलेली. कापल्यावर लगेच निम्मं पाणी बदलते, कारण कापलेल्या देठांतून रस सुटतो आणि तुकडे कुजतात. आणि पुढचे दहा दिवस दिवा आठऐवजी सहा तास.

कऱ्हाकाठ | ३ जून, संध्याकाळी ७:१०

उपयोगी धागा. स्वोर्डच्या भोकांबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. जुन्या पानांना टाचणीने टोचल्यासारखी भोकं आणि त्याभोवती पिवळी कड असेल तर बहुधा पालाश (पोटॅशियम) कमी पडतंय. जुनी पानं सरसकट पिवळी होत असतील तर नत्र. नवी पानं फिकट आणि शिरा हिरव्या राहिल्या तर लोह. कमतरता जुन्या पानात दिसते की नव्यात, हे आधी बघायचं. पालाश आणि नत्र झाड जुन्या पानातून काढून नव्याला देऊ शकतं, लोह तसं हलवता येत नाही.

स्वोर्ड मुळांवाटे भरपूर खातं आणि साध्या रेतीत खायला काहीच नसतं. मुळांशी पुरायच्या खताच्या गोळ्या मिळतात, एका झाडाभोवती दोन, दोन-तीन महिन्यांनी पुन्हा. कुंडीतलं खत मात्र टाकीत कधीही नको. युरियातून अमोनिया होतो आणि मासे जातात.

काचेतलंतळं | ८ जून, रात्री १०:००

सगळ्यांचे मनापासून आभार. पहाटेचा त्रास फिल्टर वळवल्यावर दुसऱ्याच दिवशी कमी झाला. आज रविवार होता, धीर केला.

आधी फिल्टरचा आणि दिव्याचा प्लग काढला, हात साबण न लावता धुतले. उजवी बाजू फक्त. पहिली कांडी हायग्रोफिलाची. पेर शोधलं, कात्री लावली, आणि कापल्याबरोबर उरलेल्या बुंध्याच्या टोकातून बारीक बुडबुड्यांची सरळ माळ वर निघाली. एका मागोमाग एक, सुईत ओवल्यासारखी. मी कात्री बाजूला ठेवून तेच बघत बसले. शाळेत हायड्रिला, नरसाळं आणि परीक्षानळीचा प्रयोग होता ना, तो आठवला. ते दृश्य बघून भीती गेली.

एकूण २२ कांड्या कापल्या, १७ लावल्या. चिमट्याने लावायला वेळ लागला. चार वेळा वर तरंगून आल्या, मग तिरप्या खोचल्या तेव्हा बसल्या. स्वोर्डची सात पानं काढली. ३० लिटर पाणी बदललं. बुंधे सांगितल्याप्रमाणे तीन-तीन ठेवलेत.

आणखी एक केलं. क्रिप्टोचा एक झुबका स्वोर्डच्या सावलीत होता, तो उपटून पुढे लावला. त्याला उजेड मिळावा म्हणून केलं. बरोबर केलं ना?

पाणकणीस | ८ जून, रात्री १०:४०

बुडबुडे खोडातल्या हवेच्या पोकळ्यांमधून येतात. उजेडात तयार झालेला प्राणवायू तिथे साठलेला असतो, कापलं की वाट मिळते. चांगलं लक्षण आहे, झाड जोमात होतं.

क्रिप्टोचं मात्र आधीच सांगायला हवं होतं, माझीच चूक. त्याला हलवलेलं सोसत नाही. आठवड्याभरात त्याची पानं काचेसारखी होऊन विरघळतील. घाबरून फेकू नका. वितळलेली पानं तेवढी काढत जा, गड्डा आणि मुळं जागेवर राहू द्या. तीन-चार आठवड्यांत नवं पान येतं.

ऑरेंजसिटी | ९ जून, सकाळी ८:३०

तुमचा मुलगा आमच्या गावात आहे तर एक गोष्ट त्याच्याकडून येईलच, तरी सांगतो. इथे मे महिन्यात टाकीतलं पाणी ३३ अंशांपर्यंत जाते. तेव्हा मी कात्रीला हातच लावत नाही. गरम पाण्यात प्राणवायू आधीच कमी, झाड ताणात, त्यात नवी मुळं धरत नाहीत. टाकीवर लहान पंखा लावला की बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरते. पाणी रोज भरावं लागते. मोठी छाटणी पहिला पाऊस पडल्यावर. तुम्ही जूनमध्ये केली ते बरंच झालं.

सोनचाफा२२ | ९ जून, सकाळी ११:००

कार्बन डायऑक्साइड नाही म्हणून काही लोक बाटलीतला 'द्रव कार्बन' सुचवतील. ताई, तुमच्याकडे व्हॅलिस्नेरिया आहे, त्यावर तो टाकू नका. त्यात मुख्यतः ग्लुटराल्डिहाइड असतं आणि व्हॅलिस्नेरिया त्याने वितळतो. माझा अख्खा कोपरा चार दिवसांत गेला. दुकानदाराने सगळ्या झाडांना चालतं म्हणून दिलं होतं.

काचेतलंतळं | १९ जून, रात्री ९:१५

क्रिप्टो वितळला. पाणकणीस, तुम्ही सांगितलं नसतं तर मी काढून टाकलाच असता. आता रेतीतून फक्त दोन तपकिरी टोकं दिसतात.

नव्या कांड्यांना शेंड्यात दोन-दोन नवी पानं. अनुबियासच्या जुन्या पानांवर काळे केसाळ ठिपके आलेत, बोटाने निघत नाहीत. हे काय?

निळीखाडी | १९ जून, रात्री ९:५०

काळं दाढी शेवाळ. अनुबियासचं पान सावकाश वाढतं आणि वर्ष वर्ष टिकतं, त्यामुळे त्यावर ते हमखास बसतं. निम्म्याहून जास्त भरलेली पानं खोडाजवळून काढून टाका, पण एका वेळी दोन-तीनच. एकूण सहाच पानं असतील तर एकच काढा. अनुबियास फिल्टरच्या थेट प्रवाहात किंवा दिव्याच्या बरोबर खाली असेल तर दगड उचलून सावलीत सरकवा. दगडासकट हलवल्याने त्याला काही होत नाही, क्रिप्टोसारखं नाही ते.

मुळामुठा | २० जून, सकाळी ७:४५

माझा मुद्दा थोडा वेगळा आहे, पण मला तो छाटणीइतकाच महत्त्वाचा वाटतो. कापलेलं कुठे टाकता?

मी पुण्यात नदीजवळ राहतो. जलपर्णी दक्षिण अमेरिकेतली, शोभेचं झाड म्हणून जगभर गेली आणि आज पवना, मुळा-मुठा, इंद्रायणी, पंचगंगा सगळीकडे तिने पाणी झाकून टाकलंय. यंत्रं लावून काढतात, पावसाळ्यानंतर पुन्हा येते. टाकीतली सॅल्विनिया, पिस्टिया, कबोंबा यांचा एक तुकडा पुरतो. गटारातही टाकू नका, गटार नदीलाच मिळतं. छाटलेलं सगळं उन्हात कडकडीत वाळवा आणि कुंडीत किंवा खतात घाला.

गल्फकिनारा | २० जून, दुपारी १२:२०

मुळामुठा यांना जोरदार अनुमोदन. मी फ्लोरिडात राहतो. इथे उलट घडलंय. शाळेच्या प्रयोगातला तोच हायड्रिला १९५० च्या दशकात टाकीतलं झाड म्हणून इथे आला, आणि आता राज्यभरचे तलाव आणि कालवे त्याने भरलेत. ताईंच्या टाकीतला हायग्रोफिला पॉलिस्पर्मा असेल तर तो भारतातला, आणि अमेरिकेत घातक तणांच्या केंद्रीय यादीत आहे. आपल्या ओढ्यात तो शहाण्यासारखा राहतो, कारण तिथे त्याला खाणारे आणि अडवणारे आहेत. इथे कुणी नाही.

कऱ्हाकाठ | २० जून, संध्याकाळी ६:००

याच्याच जोडीला, कासच्या पठारावरून किंवा कोकणातल्या ओढ्यांतून झाडं उपटून टाकीत आणू नका. वायतुरा हे पाणझाड फक्त आपल्या सह्याद्रीच्या सड्यांवर (खडकाळ पठारांवर) उगवतं, दुसरीकडे जगात कुठे नाही. देशी झाड हवंच असेल तर बाकोपा मोनिएरी, म्हणजे नीरब्राह्मी, रोपवाटिकेत मिळते आणि टाकीत छान वाढते. घेताना पान बघा. ब्राह्मी म्हणून बऱ्याचदा गोल पानांची मंडूकपर्णी देतात, ती पाण्याखाली टिकत नाही. नीरब्राह्मीचं पान लहान, जाडसर, समोरासमोर. रोपवाटिकेतली पानं हवेत वाढलेली असतात, पाण्यात गेल्यावर ती गळतात आणि पाण्यातली नवी येतात. तोवर धीर धरा.

काचेतलंतळं | ६ जुलै, रात्री ९:३०

चार आठवड्यांचा वृत्तांत.

डावी बाजू २९ जूनला कापली. या वेळी हात थांबला नाही. बुंध्यांचा निकाल: हायग्रोफिलाच्या तीनपैकी तीन फुटले, एकाला तर तीन फुटवे आहेत. रोटालाच्या तीनपैकी एकही नाही, दोन काळे पडून विरघळले. म्हणजे हिरवाकोपरा आणि पाणकणीस दोघेही बरोबर.

पहाटे मासे वर येणं पूर्ण थांबलंय. दिवा सहा तासांवर ठेवला होता, परवापासून सात केला. पाणी एकदाही हिरवं झालं नाही. स्वोर्डला खताच्या दोन गोळ्या दिल्या, त्यानंतर आलेलं तिसरं पान पूर्ण धडधाकट आहे, वीतभर लांब.

आणि आज सकाळी क्रिप्टोच्या त्या जागी रेतीतून एक गुंडाळलेलं टोक वर आलंय, नखाएवढं, तांबूस. मुलाला फोटो पाठवला. तो म्हणाला, हे त्याने पहिल्या वर्षी लावलेलं पहिलं झाड होतं.

डावीकडच्या छाटणीचे हायग्रोफिलाचे २० शेंडे जास्तीचे आहेत, बादलीत पाण्यात ठेवलेत. ठाणे-मुलुंडकडच्या कुणाला हवे असतील तर सांगा, पैसे नकोत. नाहीतर आठवड्याने वाळवून कुंडीत घालेन.

नवाखेकडा | ६ जुलै, रात्री १०:१०

काकू, मी मुलुंडला असतो, महिन्याभरापूर्वीच टाकी घेतली आहे. दहा शेंडे मिळाले तर फार उपकार होतील. एक विचारायचं होतं, माझी रेती फक्त एक इंच आहे, चालेल का?

पाणकणीस | ६ जुलै, रात्री १०:२५

मागच्या बाजूला दोन-अडीच इंच कर, पुढे एकच असू दे. एक इंचात कांड्या रोज सकाळी तरंगताना मिळतील.

काचेतलंतळं | ६ जुलै, रात्री १०:४०

दहा काय, सगळे वीस घेऊन जा बाळा. शनिवारी पाचनंतर घरी आहे, पत्ता व्यक्तिगत निरोपात पाठवते. झाकणाचा डबा आण, पिशवीत चेमटतात.